आधी वीजवाहिनी की आधी माळढोकाचा नकाशा?

माळावरची

गेल्या हिवाळ्यात जैसलमेरकडच्या एका ओरणात संध्याकाळी उभी होते. ओरण म्हणजे आपली देवराईच, फक्त दाट झाडीऐवजी गवत, मधूनमधून खेजडी, केर आणि बोरी. सूर्य मावळला आणि दहा मिनिटांत डोक्यावरच्या तारा दिसेनाशा झाल्या. मनोरे दिसत होते, तारा नाहीत. वाऱ्यात त्यांचा घुमल्यासारखा आवाज तेवढा येत होता. जागच्या जागी उभ्या माणसाला त्या दिसत नव्हत्या. मग दहा-पंधरा किलोचा माळढोक पक्षी, ज्याला बाजूचं भरपूर पण समोरचं फार थोडं दिसतं, ऐन वेळी वळताही येत नाही, तो त्या कशा चुकवणार?

सोबतच्या गुराख्याने हात फिरवून सीमा दाखवली. त्या टेकाडापासून पार पलीकडच्या तळ्यापर्यंत देवीची जमीन, तिथे कुऱ्हाड चालवायची नाही. मोबाइलवर सरकारी नकाशा उघडला, तर त्याच जागेला नाव होतं 'पडीक'.

माझा सगळा राग त्या एका शब्दावर आहे. माळढोक आता देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक थरच्या वाळवंटात. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासात डेझर्ट नॅशनल पार्कच्या आसपासच्या सुमारे ४,२०० चौ. किमी भागात वर्षाला अंदाजे ८४ हजार पक्षी तारांमुळे मरतात असं निघालं, त्यात माळढोक वर्षाला १८. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते. तेही उघड्या जमिनीवर. हिशोब ज्याचा त्याने करावा.

आणि कायदा काय म्हणतो? २००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत सौर प्रकल्पाला आघात अहवाल लागत नाही. वीजवाहिनीलाही नाही. म्हणजे जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर असेल तर जनसुनावणी नाही, 'इथे काय आहे' हे विचारायची सक्ती नाही. जागा ठरते, खांब उभे राहतात, मग कुणीतरी कोर्टात जातं, मग नकाशा काढायला घेतात. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम उलटा करा. आधी माळ पायाखाली घालून नकाशा काढा, तो गावात लावा, मगच जमीन भाडेपट्ट्याने द्या.

वीजमार्ग

चौदा वर्षं पारेषण वाहिन्यांच्या कामात आहे. माळढोक मरावा असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नाही. पण 'आधी नकाशा' म्हणताना आधीच्या नकाशाचं काय झालं तेही सांगा ना.

वन्यजीव संरक्षक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ला आदेश दिला. माळढोकाच्या 'प्राधान्य' (जिथे तो आज राहतो) आणि 'संभाव्य' अशा दोन्ही क्षेत्रांत तारा जमिनीखाली न्या. ही दोन क्षेत्रं मिळून किती होत होती? सुमारे ९९ हजार चौ. किमी. जवळजवळ एक तृतीयांश महाराष्ट्र! देशातलं सगळ्यात चांगलं ऊन जिथे पडतं तोच हा पट्टा. 'संभाव्य' म्हणजे काय, तर पूर्वी कधीतरी पक्षी दिसला होता किंवा जमीन त्याला मानवेल अशी आहे.

शिवाय ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) मोठी वाहिनी जमिनीखाली घालणं म्हणजे नळ पुरण्यासारखं काम नाही. जमिनीतली उच्चदाब केबल वीज साठवणाऱ्या लांबलचक कपॅसिटरसारखी वागते. काही अंतरानंतर तिची सगळी क्षमता स्वतःलाच भारित करण्यात संपते, पुढे न्यायला वीज उरत नाही. त्यात ठिकठिकाणी जोड, आणि प्रत्येक जोड म्हणजे बिघाडाची जागा. वाळवंटातल्या उन्हात तो बिघाड शोधून दुरुस्त करायला किती दिवस जातात ते मी पाहिलं आहे. २१ मार्च २०२४ला न्यायालयाने ती सरसकट अट काढून तज्ज्ञ समिती नेमली ती उगाच नाही.

ही सौर वीज नको असेल तर कोळसा जळणार आहे. त्या राखेखाली चंद्रपुरात कुणाचं रान गेलं त्याचाही नकाशा काढा.

करमाळ्याचा पोरगा

ताई, तुम्ही राजस्थानचं बोलताय, मी घरचं बोलतो. नकाशाने काय होतं ते आम्ही भोगलंय.

१९७९ला माळढोक अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौ. किमी. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले अख्खेच्या अख्खे तालुके त्यात. आमचं करमाळा त्यातच. गावठाण आत, ऊस आत, एसटी स्टँड आत. माळढोकाने बसस्थानकात काय करायचं होतं? कुणीतरी मुंबईत बसून तालुक्याच्या हद्दीवर पेन फिरवला आणि झालं अभयारण्य.

माझ्या आजोबांनी बहिणीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला काढली. व्यवहार ठरला, इसार घेतला, आणि कुठलासा दाखला अडकला. गिऱ्हाईक वर्षभर थांबलं आणि गेलं. शेवटी सावकाराकडून पैसे उचलले. आमच्या घरात 'माळढोक' हा शब्द आजही शिवीसारखा वापरतात. मी स्वतः तो पक्षी आयुष्यात पाहिलेला नाही.

पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौ. किमी केलं. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत पक्षी वाढले का? आज सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. म्हणजे रेषा मोठी होती तेव्हाही तो वाचला नाही. 'आधी नकाशा' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो तो यासाठी.

माळावरची

करमाळ्याचा पोरगा, तुमच्या आजोबांचं वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. तुमच्या घरातला तो शब्द बदलावा असं मला फार वाटतं, पण तो तसा का झाला ते कळतंय.

तरीही तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे असं मी म्हणेन. १९७९ची रेषा माळावर फिरून काढलीच नव्हती. ती तालुक्याची हद्द होती. नान्नज, मार्डी, कारंबा इकडचे गवताचे तुकडे, जिथे नर पावसाळ्यात मान फुगवून 'हूम्' असा आवाज काढायचा, ते त्या साडेआठ हजारांत मूठभरसुद्धा नव्हते. मी कॉलेजात असताना पहाटे मचाणावर बसून तो हुंकार ऐकला आहे. आधी वाटलं लांब कुठेतरी बैल हंबरला. म्हणून तर तिकडची जुनी माणसं त्याला हूमच म्हणत. त्या एका माळाभोवती नेटकी रेषा ओढली असती, आणि जे शेतकरी आसपास ज्वारी-करडई-हरभरा घेत होते त्यांना त्याचे पैसे दिले असते, तर तुमची दोन एकर अडकली नसती. पक्ष्यालाही कदाचित ऊस आणि विंधनविहिरींनी वेढलं नसतं.

वीजमार्ग, तुमचं केबलचं म्हणणं मान्य. ७६५ केव्ही पुरा असा हट्ट मी धरणार नाही. पण कमी दाबाच्या, ११ आणि ३३ केव्हीच्या तारा? त्या पुरता येतात. आणि मोठी वाहिनी पुरता येत नसेल तर ती कुठून न्यायची नाही हे आधी कळायला हवं, की मनोऱ्यांचे पाये भरल्यावर? चंद्रपूरचंही म्हणाल तर माझं उत्तर हेच आहे. तिथेही आधी नकाशा हवा होता.

थर आणि रेषा

मी उपग्रहचित्रांवरून नकाशे करण्याचं काम करते. इथे दोन्ही बाजू 'नकाशा' ही एकच वस्तू असल्यासारखं बोलत आहेत, म्हणून थोडं लांबण लावते.

नकाशात तीन वेगळे थर असतात. एक कायद्याचा: अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, भोवतीचं संवेदनशील क्षेत्र. दुसरा पक्ष्याचा: तो कुठे चरतो, कुठे अंडं घालतो, कुठून कुठे उडतो. तिसरा लोकांचा: ओरण, गायरान, पाणवठे. प्रकल्पवाल्यांकडे जी फाइल जाते तिच्यात बहुतेकदा पहिलाच थर असतो. अभयारण्याच्या हिरव्या आकृतीबाहेर सगळं पांढरं, आणि पांढरं म्हणजे मोकळं असं धरलं जातं.

दुसऱ्या थरातही गोम आहे. पक्षी दिसल्याच्या नोंदी रस्त्याच्या कडेने जास्त असतात, कारण बघणारे जीपमध्ये असतात. जिथे कुणी गेलंच नाही तिथे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे पक्षी नाही असा अर्थ पुढचा माणूस काढतो. पाठीवर ट्रान्समीटर लावलेल्या पक्ष्यांमुळे हे थोडं सुधारलं. ते उद्यानाच्या कुंपणाबाहेर किती फिरतात ते कळलं.

तिसरा थर तर कालपर्यंत नव्हताच. १८ डिसेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला सांगितलं की प्रत्येक ओरणाचं जमिनीवर जाऊन आणि उपग्रहावरून मोजमाप करा. त्याआधी जैसलमेरच्या देगराय ओरणातले लोक स्वतःच सीमा पायी चालत होते, कारण महसूल खात्यात त्यातला फक्त काही भाग ओरण म्हणून चढला होता. २०२०मध्ये त्या ओरणाजवळच एक माळढोक तारेखाली मेलेला सापडला होता.

आणि 'पडीक' या शब्दाबद्दल माळावरची यांना माझा पूर्ण पाठिंबा. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या परिसंस्था-अभ्यासकांनी २०२२मध्ये देशातल्या कोरड्या मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. देशाचा जवळजवळ एक दशांश भाग भरला, आणि त्यातला पाच टक्केसुद्धा संरक्षित नाही. हाच भाग सरकारी पडीक जमिनींच्या नकाशावर टाकून बघा. लांडगा, काळवीट, धावीक, तणमोर, सगळे 'पडिकात' राहतात.

मात्र एका गोष्टीत मी त्यांच्याशी सहमत नाही. 'नकाशा गावात लावा' म्हणता, पण त्यात घरट्याची जागा नको. एकदा नेमका बिंदू बाहेर गेला की कॅमेरेवाले पोचतात, आणि त्यांच्या मागून आणखी कोण. चौकटी दाखवा, बिंदू नको.

वीजमार्ग

चौकटीचं बोललात ते बरं झालं. आम्हाला तेच हवं असतं: एक ठरलेली रेषा आणि ती कधी बदलणार याची तारीख. मार्ग सर्वेक्षणात आम्ही तीन पर्याय काढतो, त्यातला एक निवडतो, मग मनोऱ्यांच्या जागा, मग शेतकऱ्यांशी भरपाईची बोलणी. यात दोन वर्षं सहज जातात. मध्येच क्षेत्र बदललं की सगळं पहिल्यापासून.

सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२५च्या निकालात प्राधान्य क्षेत्र राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौ. किमी ठरलं. आत नव्या पवनचक्क्या नाहीत, दोन मेगावॉटवरचे नवे सौर प्रकल्प नाहीत, आणि मोठ्या वाहिन्यांसाठी वेगळा पट्टा. मला हे चालेल. यापुढे कुणी मला 'तुम्हाला माहीत नव्हतं का' विचारलं तर उत्तर देता येईल. हा निर्णय २०१५ला झाला असता तर त्या ओरणातला मनोरा कदाचित दुसरीकडे गेला असता, हेही कबूल करतो.

पक्ष्यांना तार दिसावी म्हणून तारांवर लावायच्या फिरत्या चकत्यांना मात्र इथे कुणी हलक्यात घेऊ नये. दिवसा त्यांनी फरक पडतो.

माळावरची

दिवसा पडतो. मी संध्याकाळबद्दल लिहिलं होतं. आणि मी पाहिलेल्या त्या वाहिनीवर एका गाळ्यात (दोन मनोऱ्यांमधल्या तारेवर) मी अकरा चकत्या मोजल्या, त्यातल्या तीन अडकून बसल्या होत्या, फिरत नव्हत्या. बसवल्यावर त्या बघायला परत कोण येतं? याचीही नोंद नकाशातच हवी: कुठल्या गाळ्यात चकत्या आहेत, शेवटची पाहणी कधी झाली.

घरट्याचे बिंदू नकोत, हे पटलं. माझी चूक सुधारते.

करमाळ्याचा पोरगा

सगळं वाचलं. लोकांचा तिसरा थर म्हणालात, तो मला आवडला. पण तो कोण भरणार? तलाठ्याकडे माणसं नाहीत, वनखात्याकडे नाहीत. शेवटी एखाद्या कंपनीला कंत्राट देणार आणि ती ड्रोन उडवून जाणार. आमच्याकडे चराईचा माळ कुठे, ओढा कुठून फुटतो, हरणं कुठे पाण्याला येतात हे धनगराला विचारावं लागतं. ड्रोनला ते दिसत नाही. ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावा, लोकांना खडूने खुणा करू द्या, आणि त्यावर सही सरपंचाची घ्या. आणि ज्याचं शेत रेषेच्या आत येतं त्याला त्याच सभेत सांगा काय बंद, काय चालू, आणि पैसे किती. नंतर कचेरीत हेलपाटे मारायला लावू नका.

वीजमार्ग

हे करता येण्यासारखं आहे. पुढच्या एका वाहिनीचं सर्वेक्षण लवकरच सुरू होतंय, जागा इथे सांगत नाही. ओरणाचा थर त्यात घाला असं मी लेखी सुचवतो. पण माझ्या हातात फाइल हवी. 'गुराख्याने हात फिरवून दाखवलं' हे मी बैठकीत ठेवू शकत नाही.

थर आणि रेषा

गुराखी चालेल आणि त्याच्या खिशात जीपीएस असेल, की झाली फाइल. अशा पायी काढलेल्या रेषा बैठकीत ठेवण्याजोग्या करून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत. माळावरची, तुमच्या ओळखीच्या त्या गावाने परवानगी दिली तरच.

माळावरची

आज रात्री फोन लावते. तिकडे आता गुरं लांब चरायला गेली असतील, माणसं परतायला वेळ लागेल.

करमाळ्याचा पोरगा

फोन लावाल तेव्हा एक विचारा. त्या रेषेच्या आत कुणाची बाजरी आहे का, आणि त्याला कुणी कळवलंय का.