मदत हवी आहे: गेममधलं तीन गटांचं भांडण अर्ध्यावरच एकतर्फी होतंय

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मित्र दीड वर्षापासून गोडो इंजिनमध्ये एक छोटा गेम करतोय. कोडिंग तो बघतो, गोष्ट माझ्याकडे आहे. सगळं कोलमडल्यानंतर साठ वर्षांनी उरलेलं सोलापूर, अशी कल्पना. उजनी धरणाहून येणारी जलवाहिनी कधीच फुटून गेलीय, त्यामुळे पाणी यायचं तर भीमेतूनच: पंढरपूरवरून खाली सोलापूरजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत.

गट तीन. धरणकरी उजनीचे दरवाजे सांभाळतात. काठकरी म्हणजे मधल्या गावांतले लोक. पाणी दारावरून जातं तेव्हा ते उपसा करणारच. आणि शेवटच्या टोकाला गिरणकर, बंद गिरण्यांच्या आवारात यंत्रमाग परत उभे केलेले. मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्ड यंत्राच्या भोकं पाडलेल्या कार्डांतून ते निरोप पाठवतात. वरवर साधी चादर, पण नक्षीतल्या मोराची मान उलटी विणली असेल तर समजायचं, आज रात्री नदीकडे फिरकू नका. हा भाग मला फार जवळचा आहे.

आता अडचण. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळचं पाणी. ‘धरण शून्यावर’ म्हणतात तेव्हाही खाली एवढं पाणी असतं, हे आपल्याकडे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गेममधल्या पिढीला ते माहीत नाही. धरणकरी सांगतात, ‘धरण संपलं’. दुसऱ्या अंकात खेळाडूला खरं कळतं. सात जणांना खेळायला दिला आणि सातही जण तिथेच म्हणाले, ‘हे खोटारडे, यांना उडवा.’ पुढे नुसती मारामारी उरते. खरं तर धरणकऱ्यांची बाजू पक्की आहे. तळचं पाणी यंदा सोडलं आणि पुढचा पाऊस चुकला, तर कुणालाच काही उरणार नाही.

तोल साधायला गिरणकरांकडून एक विहीर नासवून घेतली होती. ते इतकं ओढूनताणून वाटलं की काढून टाकलं.

मला हवंय ते भांडण लहानपणी आमच्या गल्लीत रोजचं होतं. चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तेही रात्री दोन-अडीचला. आधी नळातून हवेचा फुसफुस आवाज, मग कुणीतरी ओरडायचं, ‘पाणी आलं!’ शेजारच्या काकू नळाला मोटार लावायच्या आणि आमची धार करंगळीएवढी व्हायची. आई दारात उभी राहून तोंड सोडायची. सकाळी त्याच काकू शेंगाचटणीची वाटी घेऊन यायच्या आणि आई ती घ्यायची. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, हे आईला माहीत होतं.

तर प्रश्न असे:

मृतसाठ्याचं गुपित सुरुवातीलाच फोडावं का? म्हणजे ‘खोटं कोण बोललं’ याऐवजी ‘तळचं पाणी काढायचं का’ यावर गोष्ट चालेल. पण मग मधला धक्का जातो, त्याच्या जागी काय आणू?

काठकऱ्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. खेळाडूची सुरुवात गिरणीऐवजी मंगळवेढ्याच्या बाजूच्या एखाद्या गावातून केली तर? पहिले दोन तास त्यानेच पाणी उपसलं, तर पुढे शहरात आल्यावर त्याला चोर कोण वाटेल?

तिसरा जरा नाजूक आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तिन्ही गट हत्यारं खाली ठेवतात, असा प्रसंग लिहिलाय. नंदीध्वजांची, म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक निघते, कट्टर वैरीही शेजारी उभे राहतात. माझ्या मते गेममधला हा सगळ्यात चांगला प्रसंग आहे. पण सिद्धेश्वरांची यात्रा हा श्रद्धेचा विषय आहे. त्या तहात कुणी दगा दिला असं दाखवलं तर सोलापूरकरांना ते खुपेल का? इथे सोलापूरचे कुणी असाल तर याचं उत्तर आधी द्या. तो प्रसंग ठेवायचा की नाही, यावर तिसरा अंक अडून बसलाय.