हत्तीरोगावर शाळेत खडी गंमत बसवायची आहे, कसं करावं?

झाडीतला मास्तर
नमस्कार. लाखांदूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पाचवी ते सातवीला शिकवतो. हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम येण्याआधी पोरांकडूनच वीस मिनिटांची खडी गंमत, म्हणजे आपल्या झाडीपट्टीतलं लोकनाट्य, बसवायची आहे. मागे एक पथक पथनाट्य करून गेलं. डास झालेल्या नटानं धमाल उडवली, पोरं आठवडाभर त्याच्यासारखी गुणगुणत फिरली. पण आजार कसा होतो विचारलं, तर "घाणीनं" यापुढं उत्तर नाही. पुन्हा तसं होऊ नये यासाठी काय करू?

शाहीर, साकोली
मास्तर, माझी हयात खडी गंमतीत गेली म्हणून हक्कानं सांगतो. डासाले हसवायचं काम देऊ नका. जो हसवते त्याच्यावरच पोट्ट्यांचा जीव जडते. डासाले बोलूच देऊ नका, तो फक्त वाहून नेणारा.

पांढरा दोरा घ्या. तो कृमी, खरा कृमीही दोऱ्यासारखाच असते. एका पोराच्या दंडावरून डासानं दोरा उचलायचा, दुसऱ्याच्या दंडाले बांधायचा. त्या पोराले काहीच होत नाही, तो खेळतच राहते. ढोलकीवाल्यानं थाप देत वर्षं मोजायची. पोराले मिशी फुटते, लग्न होते, अन् मग एक दिवस पायाले सूज येते. लागण बहुधा लहानपणीच होते, सूज कितीतरी वर्षांनी दिसते, हे पोट्ट्यांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. नाहीतर त्यांना वाटते, हा म्हाताऱ्यांचा आजार.

अन् झील, म्हणजे मागून धरायचं पालुपद, सगळ्या शाळेले धरू द्या. मी बांधून देतो:

*नालीतल्या पाण्याले वाट करून द्या जी,*
*हत्तीचा पाय हत्तीलेच राहू द्या जी!*

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. पायाले चिंध्या गुंडाळून लंगडत हशा घेऊ नका. समोर कोणाची तरी आजी तोच पाय लुगड्याखाली झाकून बसली असते. तिचा नातू त्याच वर्गात असते.

आशाताई, पवनी
शाहीरबुवांचं शेवटचं वाक्य वाचून डोळे भरून आले. सुजलेला पाय रोज साबण-पाण्यानं धुऊन, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्या तर वारंवार येणारा ताप अन् दुखणं कमी होतं. हे काम नातवाला जमतं, तेही खेळात दाखवा.

आता गोळ्यांचं. आम्ही दारात गेलो की लोक गोळ्या हातात घेतात, "जेवल्यावर खातो" म्हणतात अन् फळीवर ठेवून देतात. म्हणून जेवून तयार राहायचं, उपाशीपोटी नाही, अन् आमच्यासमोरच गिळायच्या. हत्तीरोगावरच्या डीईसी औषधाच्या गोळ्या वयाप्रमाणे, सोबत अल्बेंडाझोल या जंतनाशकाची एक, ती चावून. दोन वर्षांखालचं लेकरू, गरोदर बाई, खूप आजारी माणूस यांना द्यायच्या नाहीत.

खरी भीती वेगळीच. गोळी खाल्ल्यावर एखाद्याला ताप येतो, मळमळतं, अन् गावभर होतं की गोळी बाधली. रक्तात जंतू असतात अन् ते मरायला लागतात म्हणून बहुतेकदा तसं होतं. हा प्रसंग घातल्याशिवाय खेळ करूच नका, मास्तर.

वर्धेकर
रक्त तपासायला कर्मचारी रात्रीच का येतात, हेही घाला. जंतू रात्री रक्तात वर येतात, दिवसा सापडत नाहीत. आमच्याकडं लोक दार उघडत नव्हते.

झाडीतला मास्तर
सर्वांचे मनापासून आभार. सातवीतली एक मुलगी आशाताई होईल, पाचवीतला पोरगा दोरावाला. रात्रीच्या रक्ततपासणीचा प्रसंग मध्ये बसवतो. अडचण ढोलकीची, शाळेत नाही.

शाहीर, साकोली
भजनी मंडळाची मागा, वाजवणाराही तेच देतील. तालीम शाळेत नका घेऊ, संध्याकाळी चावडीवर घ्या. गोळी फळीवर ठेवणारे तिथंच बसले असतात.