मदत हवी आहे: हायड्रोफोनच्या (पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या) दोराची थरथर कशी थांबवू?

मंडळी, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ये-जा करणाऱ्या ट्रॉलरचा पाण्याखालचा आवाज मोजायचा प्रयत्न करतोय. इथे डॉल्फिन येतात आणि आवाजावरच शिकार शोधतात, म्हणून ही मोजणी मला मनापासून महत्त्वाची वाटते.

होडीतून नेता येईल असा संच घरीच केलाय. पीव्हीसीच्या नळीवर २ मीटर अंतराने दोन हायड्रोफोन आणि डब्यात ९६ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ९६ हजार नमुने घेणारा) रेकॉर्डर. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो, म्हणजे दोन्हींकडे आवाज पोचण्यातला फरक जास्तीत जास्त १.३ मिलिसेकंद. त्यावरून बोटीची दिशा बऱ्यापैकी कळते.

अडलंय ते खालच्या पट्टीत, म्हणजे कमी हर्ट्झच्या आवाजात. बोटीच्या पंख्याचा दांडा मिनिटाला ६०० फेरे फिरला आणि पाती तीन असली, तर मूळ सूर ३० हर्ट्झला हवा. पण ओहोटीची ओढ लागली की ८ मिलिमीटरचा दोर घूं-घूं करत थरथरतो, तोही २५ हर्ट्झच्या आसपास. बोट गेली तरी आवाजाच्या आलेखावर ती रेघ तशीच! शिवाय इथे पाणी जेमतेम ८ मीटर खोल, एवढ्या उथळात ३० हर्ट्झ लांबवर पोचतच नाही. म्हणून आता ६०-९० हर्ट्झचे वरचे सूर धरावेत असं वाटतंय.

थरथर मोडायला दोराला काथ्याच्या झिरमिळ्या बांधून कोणी पाहिलंय का? की वजन तळाशी ठेवून हायड्रोफोन रबराच्या पट्ट्यांवर टांगू? आणि मायक्रोपास्कलमध्ये (आवाजाच्या दाबाच्या एककात) आकडा काढायचा तर हायड्रोफोनचं कॅलिब्रेशन घरच्या घरी कसं करता? पावसाळ्याआधी, होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आत, उत्तर मिळालं तर फार बरं होईल.