चार मेणबत्त्यांचं कडं

धाकटी काकू (श्टुटगार्ट): मंडळी, आज शाळेत खालच्या मजल्यावरच्या ओमा आल्या होत्या, त्यांच्या घरचं अ‍ॅडव्हेंटचं कडं घेऊन. ओमा म्हणजे आजी. पहिलीचा वर्ग, बावीस पोरं. मलाही मागे बसायला मिळालं.

आत्या (सातारा): कडं म्हणजे दारावर लावतात ते?

धाकटी काकू: नाही, हे टेबलावर आडवं ठेवतात. सूचीपर्णाच्या फांद्यांचं, वर चार मेणबत्त्या. अ‍ॅडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचा चार रविवारांचा काळ. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, मग तीन, मग चारही.

मोठे काका: एवढ्याशा मुलांपुढे आग? जपून हं.

धाकटी काकू: काडी बाईंनीच ओढली, शेजारी पाण्याची बादली होती. दिवे मालवले आणि वर्ग चिडीचूप झाला. एक मुलगी म्हणाली, पहिली मेणबत्ती बुटकी का? ओमा म्हणाल्या, तिने सगळ्यात जास्त वाट पाहिली.

आजी: किती गोड गं.

धाकटी काकू: गोष्टही सांगितली त्यांनी. हॅम्बुर्गला योहान हिनरिश विशर्न गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी? म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक लावायची, की मुलांना आपापलं मोजता येतं. घराघरात पुढे चारच उरल्या.

मोठे काका: दिवाळीला किती दिवस राहिले म्हणून तुम्ही दोघी बहिणी आण्णांना भंडावून सोडायचात. कॅलेंडरवर फुल्या मारून दिल्या त्यांनी, तेव्हा कुठे थांबलात.

आत्या: त्या फुल्या अजून आठवतात मला. ऐक, माझ्या दुसरीच्या वर्गाला ही विशर्नची गोष्ट सांगते. पुठ्ठ्याचं कडं करू, ज्योती कागदाच्या. रविवारी शाळा नाही, सोमवारी लावू. आमच्याकडे नाताळ कोणाच्याच घरी नसतो, पण वाट बघणं सगळ्यांना कळतं.

धाकटी काकू: कर ना ताई, नक्की कर. कड्याचा फोटो पाठवते, आणि ओमांनाही सांगते, खूप आनंद होईल त्यांना. दिवाळीत मी करंज्यांचा डबा दिला होता, तो आज परत आला, बदामाच्या चंद्रकोरी बिस्किटांनी भरून!

आजी: म्हणजे रिकामा डबा त्याही परत देत नाहीत.

आत्या: फोटो आजच पाठव. उद्या पुठ्ठा आणते.