सोयाबीन उशिरा निघालं, आता डिसेंबरात बटाटा लावला तर चालेल का?

खेडची_शेती
नमस्कार मंडळी. आमचं रान खेड तालुक्यात, मध्यम काळी जमीन, विहिरीला पाणी मार्चपर्यंत टिकतं. यंदा परतीच्या पावसाने सोयाबीन निघायलाच उशीर झाला, मग रान वाफशावर येईना (नांगरण्याइतकं सुकेना), आत्ता कुठे नांगरून तयार झालंय आणि इकडे नोव्हेंबर संपत आला. गावात सगळ्यांच्या लागणी दिवाळीच्या आसपास झाल्या, काहींची भर (बुंध्याला माती) पण लावून झाली. सासरे म्हणतात आता बटाटा नको, नुसता पाला येईल आणि खाली गोळी राहील. माझी अर्धा एकर लावायची खूप इच्छा आहे. दुसरं म्हणजे नणंदेच्या घरी सातगाव पठारावरचा खरिपाचा बटाटा आहे, ऑक्टोबरात काढलेला, तो बेणं म्हणून वापरला तर चालेल का? बेण्याचा खर्चच जास्त वाटतोय.

पठारी_माती
ताई, आधी बेण्याचं सांगतो. पठारावरचा बटाटा खायला घ्या, लावू नका. काढणीनंतर साधारण दोन महिने बटाटा झोपलेलाच असतो, डोळा फुटत नाही. ऑक्टोबरात काढलेला आत्ता लावला तर एखादा कोंब आज दिसेल, एखादा तीन आठवड्यांनी, आणि तुमच्याकडे वाया घालवायला तेवढे दिवस नाहीत. शिवाय खरिपात मावा, तुडतुडे असतात, व्हायरस बेण्यातून पुढच्या पिकात जातो. मंचरला पंजाबचं कोल्ड स्टोरेजचं बेणं मिळतं, तेच घ्या. अर्ध्या एकराला साधारण पाच क्विंटल लागेल.

कृष्णाकाठ
सासऱ्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही हं. बटाटा पोसतो तो रात्रीच्या थंडीवर. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर गेलं की झाड पाला वाढवतं, खाली माल धरत नाही. म्हणून हिशोब लागणीच्या तारखेपेक्षा थंडी कधीपर्यंत आहे त्याचा करायचा. ५ डिसेंबरला लावलं तर जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गाठी धरायला लागतील, तिथून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आपल्याकडे रात्री चांगल्या गार असतात, तेवढ्यात माल पोसला पाहिजे. म्हणून कुफरी ज्योती ही जात आता नको, तिला ९०-१०० दिवस लागतात, म्हणजे थेट मार्चच्या उन्हात जाणार. कुफरी पुखराज घ्या, ७५-८० दिवसांत काढता येतो. आणि १० डिसेंबरच्या पुढे मात्र अजिबात जाऊ नका, त्यापेक्षा उशिराचा गहू बरा.

पठारी_माती
बरोबर. आणि त्यातले आठ-दहा दिवस बेण्यातच वाचवायचे, उशिराच्या लागणीत सगळा खेळ तिथेच आहे!! कोल्ड स्टोरेजमध्ये बेणं २ ते ४ अंशांत असतं, तिथून आणून तसंच सरीत टाकलं तर उगवण मागेपुढे होते, काही सडतं पण. आजच आणा, गोण्या सोडा, पडवीत नाहीतर झाडाच्या सावलीत पातळ पसरा, जिथे उजेड येतो पण ऊन लागत नाही. आठ-दहा दिवसांत जाड, आखूड, हिरवट-जांभळे कोंब येतील, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे झाले की लावायला घ्या. अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर कोंब लांब पांढरे येतात आणि लावताना पटापट मोडतात, मग मेहनत फुकट. असं कोंबवलेलं बेणं दहा-बारा दिवसांत वर दिसतं.

खेडची_शेती
खूप खूप धन्यवाद दोघांना. बेणं कापून लावू की अख्खं? आणि खताचं पण सांगा ना.

कृष्णाकाठ
३०-४० ग्रॅमचं अख्खं लावा, उगवण एकसारखी येते. मोठं बेणं मिळालं तरच कापा, प्रत्येक फोडीला दोन डोळे तरी पाहिजेत, विळा मधूनमधून औषधाच्या पाण्यात बुडवत राहा, फोडी मॅन्कोझेब बुरशीनाशकाच्या पाण्यात (लिटरला ३ ग्रॅम) बुडवून सावलीत सुकवा आणि काप वाळल्यावरच लावा. दोन फूट सरी, बेण्यात वीतभर अंतर.
खत अर्ध्या एकराला: सिंगल सुपर फॉस्फेट ७५ किलो, पोटॅश ४० किलो आणि युरिया २० किलो लागणीलाच, वर २० किलो युरिया महिन्याने भर लावताना. त्याच्यापुढे युरियाला हात लावायचा नाही, लोक पाला पिवळा दिसला की अजून टाकतात, मग पीक तयार व्हायला आणखी लांबतं. पाणी हलकं द्या, वरंबा अर्धा भिजेल इतकंच. जानेवारीत धुकं, ढगाळ हवा आली तर डाग दिसायची वाट न बघता मॅन्कोझेब १० लिटरला २५ ग्रॅम फवारा, करपा (पानं जाळणारा रोग) चार दिवसांत रान झोपवतो.

मार्केटयार्ड_रोजचा
मी भावाचं बोलतो. तुमचा माल फेब्रुवारीच्या शेवटी निघणार, नेमका तेव्हाच आग्रा आणि डीसाचा नवीन बटाटा गाड्याच्या गाड्या पुण्यात उतरतो. यार्डाच्या भरवशावर अर्धा एकर नका लावू. आठवडी बाजारात, आजूबाजूच्या हॉटेलांना हातविक्री जमत असेल तर जरूर लावा, नाहीतर घरापुरतं पाच गुंठे बास.

खेडची_शेती
राजगुरुनगरच्या बाजारात आमची भाजी दर आठवड्याला जातेच, त्यामुळे विक्रीचं होईल. पण सगळा एकदम नाही खपणार, दीड-दोन महिने घरी राहील का?

पठारी_माती
राहील, पण पाकोळीला (जिच्या अळ्या बटाटा पोखरतात तो पतंग) जपा. फेब्रुवारीत ऊन वाढलं की ती वाढते, जमिनीला भेग पडून बटाटा उघडा पडला की डोळ्यावर अंडी घालते. म्हणून दुसरी भर जाडजूड लावा. काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा आणि पाला कापून रानाबाहेर न्या, साल घट्ट होते. मग गार सावलीत अरण (बटाट्याचा ढीग) लावा, वरून गव्हाचं काड किंवा वाळलेलं गवत घाला. बटाट्याच्याच पाल्याने अरण कधी झाकायची नाही, पाकोळीच्या अळ्या त्या पाल्यातून सरळ मालावर येतात. कापलेले, हिरवे पडलेले आधीच बाजूला काढा, हिरवे तर खायला पण नको.

खेडची_शेती
उद्या सकाळीच मंचरला जातेय बेणं बघायला. सासऱ्यांना हे सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले पुखराज असेल तर लाव.