सातवाहनी बाजाचं काल्पनिक जग: सुरुवात कुठून करावी?

रानवाटा:
आम्ही सहा जण डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर लेखी रोलप्ले (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट लिहायची) सुरू करतोय. जग काल्पनिक, बाज सातवाहनकाळाचा. आत्तापर्यंत चार राजघराणी, त्यांच्या वंशावळी, देवांची उतरंड आणि अर्धा नकाशा झालाय. खेळ मात्र सुरूच होत नाही! प्रत्येकाला 'आधी इतिहास पूर्ण करू' असंच वाटतं. जादूवरून तर रोज वाद. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

कातळ:
वंशावळी ठेवा बाजूला. पात्रांना उभं राहायला एक जागा लागते, ती आधी ठरवा. तुम्हाला नाणेघाट आयताच मिळालाय की! जुन्नरहून कोकणात उतरायची व्यापारी वाट, राखणीला जीवधन किल्ला, लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादीच आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी). आणि माथ्यावर तो दगडी रांजण. जकात त्यात टाकत, असं सांगतात.

आता पहिला प्रसंग: रांजण रातोरात रिकामा झालाय. पहारेकरी, भिक्खू, वर मीठ आणणारा बैलवाला, उज्जैनकडचा व्यापारी, सगळे नाक्यावर अडकलेत आणि प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे. घराण्यांचा इतिहास यांच्या भांडणातून निघेल तेवढाच लिहा.

जादू पावसाला बांधा. घाटमाथ्यावर धो धो, थोडं पूर्वेला गेलं की पर्जन्यछाया. म्हणजे जादू घाटात फुकट, देशावर महाग. मग पाणी साठवणारा सावकार आलाच, आणि चोरून विकणाराही.

मीठभाकर:
कातळ यांना +१. शिवाय दोन गोष्टी पहिल्याच दिवशी पिन करा. दुसऱ्याच्या पात्राने काय केलं ते आपण लिहायचं नाही, आणि विचारल्याशिवाय कुणाला मारायचं नाही. गणपतीत निम्मी मंडळी गायब होतात. त्यांची पात्रं 'माल घेऊन कल्याणला उतरली' म्हणायचं नि पुढे जायचं.

रानवाटा:
रांजण ढापला! पण एकाने सात पिढ्या लिहून काढल्यात, तो फुगून बसलाय.

कातळ:
त्याला टांकसाळ द्या. सातवाहनांच्या बऱ्याच नाण्यांवर राजाच्या नावाआधी आईचं नाव येतं, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र वगैरे. सात पिढ्यांत आयांची नावं लिहिलीत का, विचारा आधी.