कंत्राटदाराकडून आलेली मुलगी, माझा सुपरवायझर आणि फलकावरची समिती

मशीनिंगवाला, कोल्हापूर जिल्हा

नमस्कार मंडळी. एमआयडीसीत माझं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही बोअरिंग-ड्रिलिंग करून, तपासून पुढे देतो. पगारपत्रकावर २३ माणसं, कंत्राटदाराची ११. त्यात बायका ९, बहुतेक इन्स्पेक्शन आणि पॅकिंगला.

गेल्या सोमवारी अकाउंट्सच्या मॅडम केबिनचं दार लावून घेऊन बोलायला बसल्या. इन्स्पेक्शनला कंत्राटदाराकडून आलेली एक मुलगी आहे. आमचा सुपरवायझर तिला रात्री-अपरात्री मेसेज करतो. दिवसा प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) कसा धरायचा ते दाखवायच्या निमित्ताने मागे येऊन उभा राहतो, हातावर हात ठेवतो. शेवटी तिने आपलं टेबल असं ओढून घेतलं की तिची पाठ भिंतीला लागेल आणि मागे कुणाला उभं राहायला जागाच उरणार नाही. ते सरकवलेलं टेबल मी पाहिलं होतं. ट्रॉलीची वाट अडते म्हणून मी तिलाच बोललो आणि टेबल पुन्हा पुढे घ्यायला लावलं. हे आठवलं की झोप लागत नाही.

सुपरवायझर माझ्याकडे १४ वर्षं आहे. पहिलं लेथ मशीन आम्ही दोघांनी मिळून बसवलं. तो म्हणतो, चूक झाली, माफी मागतो. कंत्राटदार म्हणतो, "साहेब, कशाला डोक्याला ताप, उद्यापासून दुसरी मुलगी पाठवतो."

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती नोटीस फलकावर आहे. दोन वर्षांपूर्वी ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं तेव्हा सल्लागाराने कागद करून दिला. चार नावं आहेत. अध्यक्ष म्हणून ज्या बाईंचं नाव आहे त्या नोकरी सोडून गेल्या. बाहेरच्या सदस्य कोण, मी त्यांना कधी भेटलोच नाही. तिसरं नाव अकाउंट्सच्या मॅडमचं. आणि चौथं त्याच सुपरवायझरचं.

ती माझ्या पगारपत्रकावर नाही, तरी जबाबदारी माझीच का? माफीवर मिटवता येईल का? तोवर तिला पॅकिंगला बसवू का? जाणकारांनी सांगावं.

(खालच्या ताईंच्या सांगण्यावरून एमआयडीसीचं नाव आणि मुलीचं वय काढलं आहे.)

फाउंड्रीवाला

दादा, मीही याच धंद्यात आहे, म्हणून मनापासून सांगतो. लेखी काही घेऊ नका. त्याला चांगला दम द्या, तिच्या घरच्यांना बोलावून समजावा, दोघांना समोरासमोर बसवून विषय मिटवा. एवढा जुना माणूस गेला तर लाइन कोण चालवणार? माल थांबला की ग्राहक थांबत नाही.

समितीवरची बाहेरची सदस्य, सांगली

दादा, मी इतर कंपन्यांच्या अशा समित्यांवर बाहेरची सदस्य असते. आधी पोस्टमधून गावाचं नाव आणि त्या मुलीचं वय काढा. एवढ्यावरून तुमच्या आवारातल्या चहाच्या टपरीवरही ती कोण हे ओळखतील. तक्रारदाराची ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही, हे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं कलम १६ आहे.

फाउंड्रीवाल्या भावांनी सांगितलं तसं अजिबात करू नका. तिच्या घरच्यांना तर मुळीच बोलावू नका. अशा किती मुलींची नोकरी घरच्यांनीच बंद केलेली मी पाहिली आहे.

तुमचा पहिला प्रश्न. २०१३ च्या या कायद्यात कर्मचारी म्हणजे फक्त पगारपत्रकावरचा माणूस नाही. रोजंदारी, हंगामी, शिकाऊ, कंत्राटदारामार्फत आलेली, सगळ्या त्यात येतात. ती तुमच्या छपराखाली, तुमच्या सुपरवायझरच्या हाताखाली काम करते, म्हणजे जबाबदारी तुमची. कंत्राटदाराला आजच लेखी कळवा की तिला कामावरून काढायचं नाही, बदलायचं नाही. 'दुसरी मुलगी पाठवतो' याचा अर्थ तक्रार केली म्हणून हिची रोजी गेली, एवढाच होतो.

माफी आणि समेट. कलम १० मध्ये समेटाची सोय आहे, पण तो तिने स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैसे देऊन तर नाहीच. तुम्ही, कंत्राटदार किंवा सुपरवायझर यांनी तो सुचवायचाही नाही. मालक समोर बसून 'माफ करून टाक' म्हणाला तर पोटावर पाय येईल या भीतीने ती हो म्हणेल.

तुमची फलकावरची समिती चालणार नाही. लेखी आदेश काढून नवी करा. १० किंवा जास्त माणसं असली की समिती लागतेच, नाहीतर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अध्यक्ष तुमच्याकडची वरिष्ठ स्त्री, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, एक बाहेरची व्यक्ती, आणि निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. अकाउंट्सच्या मॅडमना घेऊ नका असं मी म्हणेन. मुलगी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली, उद्या त्या साक्षीदार होतील. स्टोअर किंवा प्लॅनिंगला कुणी जुन्या बाई आहेत का? आणि बाहेरची सदस्य प्रत्यक्ष येणारी हवी. चौकशीला अध्यक्षांसह किमान तिघं हजर असावे लागतात.

तक्रार लेखी लागते, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तिला लिहायला जमत नसेल तर समितीने मदत करायची. सहा प्रती, सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची नावं. सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत सुपरवायझरला जाते, त्याला उत्तराला दहा कामकाजाचे दिवस. वकील कुणालाच नाही. चौकशी ९० दिवसांत, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि तो हातात पडल्यावर ६० दिवसांत तुमची कारवाई. तिला पोलिसांत जायचं असेल तर तिला मदत करणं हेही तुमचंच काम आहे.

घाईही नको. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या की आरोप असलेल्या माणसाला बाजू मांडायला पुरती संधीच मिळाली नाही. तक्रारी २००९ च्या, आणि १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा चौकशीसाठी मागे पाठवलं. तक्रार करणाऱ्या मुलींनी इतकी वर्षं काढली ती कशासाठी? म्हणून तुमच्या सुपरवायझरचंही पूर्ण ऐकून घ्या. उलटतपासणीचे प्रश्न त्याने समितीकडे लेखी द्यावेत, तिला थेट विचारू नयेत.

पिंपरी-चिंचवडहून

पॅकिंगबद्दल मी सांगते, कारण मला हलवलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही.

तक्रार दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मला वरच्या मजल्यावर बसवलं. "तुझ्याच भल्यासाठी" म्हणाले. दुपारी डबा घेऊन खाली माझ्या नेहमीच्या जागी आले तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या. एकीने तिची पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. तो मात्र त्याच्याच खुर्चीवर, त्याच खिडकीशी. सगळ्या मजल्याने काय समजायचं ते समजून घेतलं. चौकशीत मी खरी ठरले, तोवर माझं वजन सहा किलो उतरलं होतं.

दादा, तिला विचारा तिला कुठे बसायचंय. मला कुणी विचारलंच नाही. आणि हलवायचंच तर त्याला हलवा.

समितीवरची बाहेरची सदस्य, सांगली

ताईंचं म्हणणं कायद्यातही बसतं. चौकशी चालू असताना तिने लेखी मागितलं तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, तिला हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजाही देऊ शकते. तिच्या कामाचा शेरा त्याने लिहायचा नाही, असंही सांगता येतं.

मशीनिंगवाला, कोल्हापूर जिल्हा

तिघांचेही आभार. फाउंड्रीवाले भाऊ, तुमचाही राग नाही, सोमवारी माझ्याही मनात तेच होतं.

कंत्राटदाराला मेल केला. तो फोनवर चिडला, पण मुलगी कामावर आहे. फलक उतरवला. स्टोअरच्या बाई अकरा वर्षं आहेत, त्या अध्यक्ष व्हायला तयार झाल्या. बाहेरच्या सदस्य म्हणून कोल्हापुरात महिलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतल्या बाई येताहेत. चार जणांत तीन बायका आहेत.

आज अकाउंट्सच्या मॅडमना बरोबर घेऊन मुलीशी बोललो. पहिल्यांदा टेबलाबद्दल तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. मग विचारलं, कुठे बसायचंय. म्हणाली, "माझ्याच टेबलावर. पण भिंतीला लावून." ट्रॉलीची वाट आता दुसऱ्या बाजूने केली आहे. सुपरवायझरला मी स्वतःच दुसऱ्या शिफ्टला टाकलंय, पगार तोच. ही शिक्षा नाही, चौकशी होईपर्यंतची सोय आहे, हे लिहून दिलं.

तक्रार ती स्टोअरच्या बाईंजवळ बसून लिहिते आहे. तीन ओळी लिहून दोनदा कागद फाडला, उद्या पुन्हा बसणार आहेत. ताई, त्या सहा प्रतींवर तिची सही प्रत्येकीवर नव्याने लागते की एकीवर करून झेरॉक्स चालते?